किल्ली परमुलखात

आजच्या व्याख्यानाचा विषय संगणकाचा असला, तरी प्रारंभ मी कारंजा लाडपासून करणार आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला नव्या गोष्टीकडे जुन्या वाटेनेच जावे लागते, आणि ही वाट तर आपल्याच जिल्ह्यातून निघते.

सतराव्या शतकात कारंजा ही वऱ्हाडातील एक धनिक पेठ होती. १६७० च्या ऑक्टोबरात सुरत दुसऱ्यांदा लुटली गेली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मराठ्यांची फौज खानदेशातून वऱ्हाडात उतरून कारंज्यावर आली. यदुनाथ सरकारांनी या स्वारीचा जो वृत्तान्त दिला आहे, तो ध्यानात राहण्याजोगा आहे. तलम कापड, सोने व रुपे मिळून सुमारे एक कोटीचा ऐवज हाती लागला. तो वाहून नेण्यास चार हजार बैल आणि गाढवे लागली. आणि गावातील सारे धनवंत खंडणीसाठी धरून नेण्यात आले. निसटला तो फक्त एक, आणि तोही सर्वांत मोठा. त्याने स्त्रीचा वेष घेतला होता. मराठ्यांचा शिपाई स्त्रीच्या वाटेस जात नाही, हे त्या चतुर गृहस्थाने बरोबर हेरले असावे.

पातशाहीशी चाललेल्या युद्धातील ही घटना. पुढे मी ज्या चोरांविषयी बोलणार आहे त्यांच्या पंक्तीला तिला बसवावे, असा माझा मुळीच हेतू नाही, आणि तसे कोणी मनातही आणू नये. माझे लक्ष आहे ते खंडणी या व्यवहाराच्या घडणीकडे. तो व्यवहार तेव्हा उघड होता. मागणाऱ्याला नाव होते, निशाण होते. त्याच स्वारीत आसपासच्या गावांकडून चौथाई देण्याचे लेखी करार घेण्यात आले. म्हणजे देणाऱ्याला ठाऊक होते की आपण कोणाला देत आहोत आणि कशाबद्दल देत आहोत. आणि ओलीस ठेवला जाई तो हाडामांसाचा माणूस. त्याला खाऊ घालावे लागे, त्याच्यावर पहारा ठेवावा लागे, आणि तो वेष पालटून पळूनही जाऊ शके.

यानंतर दोनशे पाच वर्षांनी, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. दख्खनचे दंगे या नावाने हे प्रकरण प्रसिद्ध आहे आणि पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांत ते पसरले. दंगलखोरांची मागणी धान्याची नव्हती, दागिन्यांचीही मुख्यत्वे नव्हती. त्यांना हवी होती खते, रोखे आणि हुकूमनामे. कागद मुकाट्याने स्वाधीन केले तेथे सावकाराच्या अंगाला सहसा हात लागला नाही. कागदांची होळी झाली आणि लोक घरी गेले. सावकाराची सत्ता त्याच्या तिजोरीपेक्षा त्याच्या दप्तरात आहे, हे त्या निरक्षर माणसांना पक्के समजले होते. दप्तर गेले की ऋण गेले.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. एकीकडे माणूस ओलीस धरण्याची जुनी रीत. दुसरीकडे माणसाचा जीव दप्तरात असतो हे नवे ज्ञान. दप्तर जाळून टाकण्याऐवजी कोणी ते जागच्या जागी कुलूपबंद केले आणि किल्लीचे पैसे मागितले तर? ही कल्पना प्रत्यक्षात यावयास आणखी एकशे चौदा वर्षे लागली. तिला आज रॅन्समवेअर म्हणतात.

१९८९ च्या डिसेंबरात लंडनहून सुमारे वीस हजार पाकिटे टपालाने देशोदेशी गेली. प्रत्येकात संगणकाची एक फ्लॉपी चकती होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या एड्सविषयक परिषदेचे प्रतिनिधी आणि एका संगणक-नियतकालिकाचे वर्गणीदार यांना ती पाठविलेली होती. चकती लावली की एड्स रोगाविषयी प्रश्न विचारले जात आणि वापरणाऱ्याला धोका किती, हे सांगितले जाई. तेवढे सगळे खरे होते. मात्र पडद्याआड तीच चकती संगणक किती वेळा सुरू झाला याची मोजणी करीत बसे, आणि साधारण नव्वदाव्या खेपेस फाइलींची नावे उलटीपालटी करून त्या दडवून टाकी. मग पडद्यावर भाड्याची मागणी येई : एका वर्षाचे १८९ डॉलर, कायमचा परवाना हवा असल्यास ३७८ डॉलर, रक्कम पनामातील एका टपालपेटीच्या पत्त्यावर पाठवावी. मौज अशी की चकतीसोबत एक छापील करारपत्रही होते, आणि भाडे न भरल्यास संगणक चालेनासा होईल असा इशारा त्यात दिलेला होता. करारपत्र वाचून मग सही करण्याची सवय तेव्हाही कोणाला नव्हती.

हा उद्योग करणारा जोसेफ पॉप हा हार्वर्ड विद्यापीठात शिकलेला, बबून वानरांचा अभ्यास केलेला जीवशास्त्रज्ञ होता. तो पकडला गेला, इंग्लंडात नेला गेला. पण त्याचे चित्त ठिकाणावर नाही असे ठरून त्याच्यावरील खटला चालला नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्याच्या युक्तीतील वैगुण्य. त्याच्या कुलपाला लावण्याची आणि उघडण्याची किल्ली एकच होती, आणि ती त्याच चकतीच्या पोटात होती. जाणकारांनी चकती उकलली, किल्ली काढली, आणि थोड्याच दिवसांत उघडण्याचे साधन फुकट वाटले गेले. शिवाय पैसे टपालाने पाठवावयाचे, म्हणजे पत्ता आला, आणि पत्त्यामागे केव्हातरी माणूस सापडतोच.

पहिले वैगुण्य दूर झाले ते एका विद्वत्तापूर्ण निबंधात. १९७६-७७ च्या सुमारास गणितज्ञांनी दोन किल्ल्यांचे कुलूप शोधून काढले होते. हे गहन वाटते, पण आपल्या बालाजी मंदिरात दर्शनाला गेलेल्या कोणालाही ते समजेल. मंदिरातील दानपेटी आठवा. तिच्या फटीतून नाणे कोणीही आत टाकू शकतो. काढू मात्र फक्त किल्लीवालाच शकतो. ज्याने नाणे टाकले त्यालाही ते परत काढता येत नाही. दोन किल्ल्यांच्या पद्धतीत तसेच असते : एक किल्ली चारचौघांत वाटता येते, तिने फक्त बंद होते, दुसरी गुप्त राहते, तिनेच उघडते. १९९६ मध्ये ॲडम यंग आणि मोती युंग या दोघा संशोधकांनी एक निबंध वाचला आणि दाखवून दिले की पॉपच्या युक्तीला ही पद्धत जोडली, तर संगणक कितीही उकलून पाहिला तरी किल्ली हाती लागणार नाही. कारण ती तेथे नसतेच. त्यांचा उद्देश सावध करण्याचा होता. इशारा ज्यांच्यासाठी दिला त्यांनी तो कपाटात ठेवला, आणि ज्यांच्याविषयी दिला त्यांनी काही वर्षांनी उपयोगात आणला.

दुसरे वैगुण्य, म्हणजे पैशांच्या वाटेचे, २००९ मध्ये सुरू झालेल्या बिटकॉइन या चलनाने बरेचसे मिटवले. पैसे कोठून कोठे गेले हे त्यात सर्वांना दिसते. ते कोणाच्या खिशात गेले हे सहजी दिसत नाही. २०१३ च्या सप्टेंबरात आलेल्या क्रिप्टोलॉकरने या साऱ्या गोष्टी एकत्र आणल्या आणि बहात्तर तासांची मुदत घालून धंद्याची घडी बसवून दिली. त्यापूर्वीचे प्रयोग सोडून देतो.

आता महाराष्ट्रात येऊ. २०१६ च्या मे महिन्यात वर्तमानपत्रांतून बातमी आली की मुंबईच्या मंत्रालयातील महसूल आणि सार्वजनिक बांधकाम या खात्यांचे सुमारे दीडशे संगणक लॉकी नावाच्या रॅन्समवेअरने ग्रासले आहेत. ज्या महसूल खात्याच्या सातबाऱ्यावर आपल्यापैकी अनेकांचा जीव टांगलेला असतो, ते हे खाते. लॉकी त्याच वर्षी फेब्रुवारीत जगात प्रथम दिसला होता; तीन महिन्यांत तो राज्याच्या मुख्य कचेरीत पोहोचला. संगणकात शिरल्यावर हा पाहुणा नेमके करतो काय, हे नीट सांगितले पाहिजे, कारण त्याच्या वागण्यात एक थंड हिशेबीपणा आहे.

मंत्रालयाऐवजी आपल्या बाजार समितीतील एखादे अडतीचे दुकान डोळ्यांपुढे आणू. समजा, सोयाबीनच्या हंगामात दिवाणजींच्या नावे एक ईमेल येते : बिल सोबत जोडले आहे, कृपया पाहावे. बिल कोणाचे, हे पाहावयास दिवाणजी ते उघडतात. आत अगम्य अक्षरांचा गोंधळ असतो आणि वर सूचना असते की अक्षरे नीट दिसत नसतील तर मॅक्रो चालू करावेत. मॅक्रो म्हणजे कागदातच लपलेली आज्ञावली. लॉकीची बिले हुबेहूब अशी असत. दिवाणजी बटण दाबतात. अक्षरे काही नीट होत नाहीत. दिवाणजी कपाळाला हात लावून दुसऱ्या कामाला लागतात. तेवढ्यात त्या आज्ञावलीने बाहेरून खरा प्रोग्राम आत आणलेला असतो.

हा प्रोग्राम प्रथम आपण कोणत्या देशात आहोत ते पाही. संगणकाची भाषा रशियन असेल तर लॉकी काही न करता निघून जाई. आपल्या मुलखात चोरी करू नये, हा फार जुना नियम आहे, आणि त्यावरून चोराचे गाव कोणते याचा तर्कही करता येतो. भाषा दुसरी निघाली की तो दूरच्या सर्व्हरशी बोलून त्या दुकानासाठी एक बंद करणारी किल्ली मागवी, म्हणजे दानपेटी आणी. त्यानंतर विंडोज आपणहून फाइलींच्या ज्या जुन्या प्रती गुपचूप राखून ठेवते, त्या तो पुसून टाकी. पहिला घाव परतीच्या वाटेवर. मग तो घर पाहावयास निघे : कोणती डिस्क, कोणता पेन ड्राइव्ह लावलेला आहे, शेजारच्या खोलीतील संगणकाचा कोणता कप्पा जाळ्यातून उघडा आहे. दिवाणजींनी सावधपणे हिशेबाची दुसरी प्रत काढून ती डिस्क तशीच लावून ठेवलेली असेल, तर तीही त्याच यादीत जाई.

यादी करताना तो सरसकट हात मारीत नाही. विंडोजच्या स्वतःच्या फाइलींना तो शिवत नाही. संगणक सुरू झाला पाहिजे, पडदा उजळला पाहिजे, चिठ्ठी वाचता आली पाहिजे. मेलेला संगणक खंडणी मागू शकत नाही. त्याला हवे असते ते माणसाने घातलेले : पत्रे, तक्ते, छायाचित्रे, हिशेब. पुढच्या पिढीतील प्रोग्राम तर आधी हिशेबाची प्रणालीच बंद पाडतात, कारण ती चालू असताना तिच्या वह्या तिच्याच हातात असतात आणि दुसऱ्याला त्या उचलता येत नाहीत.

आणि मग मुख्य काम. प्रत्येक फाइलीसाठी तो एक नवी, छोटी, जलद किल्ली घडवतो, तिने फाइल बंद करतो, आणि ती छोटी किल्ली त्या दानपेटीत टाकतो. हे असे दुहेरी का? कारण दोन किल्ल्यांचे कुलूप भक्कम असले तरी फार सावकाश लागते. हजारो फाइलींना तेच लावीत बसले तर उजाडेल आणि कोणीतरी जागे होईल. काही जाती घाईसाठी फाइलीचा काही भागच बिघडवतात. वहीचे पहिले पान फाडले तरी खाते लागत नाही, तसे. फाइलींची नावे पालटतात. लॉकीच्या बाबतीत प्रत्येक नावाच्या शेवटी त्याचे स्वतःचे नाव येई. सगळे झाले की पडद्यावरील चित्र बदलून तेथे मजकूर उमटे आणि पैसे कोठे, कसे भरावयाचे याचा पत्ता. पुष्कळ वेळा विश्वास बसावा म्हणून एखाददुसरी फाइल फुकट उघडून दाखवतात. कापडवाला नमुना फाडून देतो त्यातलाच हा प्रकार.

सकाळी शेतकरी दुकानात येतो आणि आपल्या मालाची पट्टी मागतो. पट्टी संगणकात आहे. वजन, भाव, हमाली, तोलाई, उचल, सारे जागच्या जागी आहे, त्याच टेबलावर, त्याच यंत्रात. चोराने काही नेलेले नाही. फक्त त्यातले एक अक्षर कोणाला वाचता येत नाही. दुकानदार खोटे बोलतो आहे असेच त्या शेतकऱ्याला वाटणार, आणि त्याला बोल तरी कसा लावावा?

लॉकीला निदान दिवाणजींचे बोट लागत असे. पुढच्याच वर्षी तीही गरज उरली नाही. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचे रॅन्समवेअर सुटले आणि काही दिवसांत दीडशेहून अधिक देशांतील दोन लाखांवर संगणकांत शिरले. सुप्याच्या दंग्याचीही तारीख १२ मेच होती; हा निव्वळ योगायोग, पण तारखांच्या वहीत मी या दोन नोंदी एका पानावर ठेवल्या आहेत. विंडोजमधील एक फट अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला सापडली होती. संस्थेने ती बुजविण्यास न सांगता आपल्या हेरगिरीसाठी तिचे हत्यार बनवले; ते हत्यार तिच्याकडून चोरीस गेले आणि एप्रिल २०१७ मध्ये चव्हाट्यावर आले. मायक्रोसॉफ्टने ठिगळ मार्चमध्येच दिले होते. ज्यांनी ते लावले नव्हते, त्यांच्या संगणकात वॉनाक्राय कोणी काही न उघडताच शिरला आणि तेथून शेजारच्या संगणकांचे दार ठोठावू लागला. इंग्लंडातील सरकारी रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. मागणी तीनशे डॉलरची. तीन दिवसांनी सहाशे. सात दिवसांनी आशा सोडा. मागणीचा मजकूर अठ्ठावीस भाषांत लिहिलेला होता. त्यांत हिंदी नव्हती, मग मराठीची काय कथा! भाषेची अशी उपेक्षा झाल्याबद्दल निदान या एका ठिकाणी मला खंत वाटली नाही.

हा वणवा थांबला तो एका बावीस वर्षांच्या इंग्रज तरुणामुळे. मार्कस हचिन्सच्या ध्यानात आले की हा प्रोग्राम काम सुरू करण्यापूर्वी एका अर्थहीन नावाचे संकेतस्थळ जगात आहे का ते तपासतो, आणि नसेल तरच पुढे जातो. त्याने सुमारे अकरा डॉलर भरून ते नाव स्वतःकडे नोंदवले. नाव अस्तित्वात आले आणि प्रोग्राम जागोजागी थबकला. एका फ्रेंच संशोधकाने आणखी एक फट दाखवली. वॉनाक्राय किल्ली घडविताना ज्या मूळ संख्या वापरी, त्या जुन्या विंडोजच्या स्मृतीत काही काळ रेंगाळत. संगणक बंद केला नसेल, तर त्या वेचून किल्ली पुन्हा घडविता येई. घाबरून बटण बंद करणाऱ्यांच्या संख्या वीज जाताच पुसल्या गेल्या. इतका गाजावाजा होऊन चोरांच्या हाती मात्र सुमारे एक लाख चाळीस हजार डॉलरच लागले. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिका व ब्रिटन यांनी या कृत्याचा ठपका उघडपणे उत्तर कोरियावर ठेवला.

दीड महिन्यानंतर, २७ जून २०१७ रोजी, ही आग महाराष्ट्राच्या किनाऱ्याला लागली. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एक धक्का डेन्मार्कच्या मर्स्क समूहाची कंपनी चालवीत होती. त्याचे काम बंद पडले. कंटेनर जागेवर, मालमोटारी रांगेत, आणि कोणत्या पेटीत काय आहे हे सांगणारा संगणक मुका. हे संकट सुटले होते युक्रेनमध्ये, तेथील करभरणीच्या एका हिशेबी प्रणालीच्या नव्या आवृत्तीतून. ज्यांच्या एका कचेरीने युक्रेनमध्ये कर भरला, त्यांच्या जगभरच्या कचेऱ्या पेटल्या.

या प्रोग्रामला नॉटपेट्या म्हणतात, आणि त्याचे वागणे निराळे होते. तो काही वेळ गप्प राहून संगणकातील परवलीचे शब्द गोळा करी आणि त्यांच्या जोरावर शेजारी शिरे. मग संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई आणि पडद्यावर दिसे की डिस्कची तपासणी चालू आहे, कृपया बंद करू नये. प्रत्यक्षात त्याच वेळी डिस्कवरील फाइलींची अनुक्रमणिका कुलूपबंद होत असे. शेवटी तीनशे डॉलरची मागणी. पण ही मागणीच बनावट होती. पडद्यावर दाखविलेला ओळखक्रमांक निव्वळ यदृच्छेने काढलेला असे. त्यावरून किल्ली देणे चोरालाही शक्य नव्हते. संपर्कासाठी दिलेली ईमेलची पेटी जर्मन कंपनीने त्याच दिवशी बंद केली. ज्यांनी पैसे भरले त्यांनी ते वाऱ्यावर सोडले. हेतू नासधूस हाच होता, खंडणी हा फक्त मुखवटा. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिका व ब्रिटन यांनी रशियाच्या लष्कराकडे बोट दाखवले. कारंज्याच्या धनिकाला निदान एवढे ठाऊक होते की रक्कम पोहोचली तर माणूस सुटेल.

मर्स्कने दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे केले, असे तिच्या अध्यक्षांनी पुढे दावोस येथे सांगितले. त्यातील एक कथा विदर्भातील माणसाला विशेष भावेल. सर्व कर्मचाऱ्यांच्या ओळखी आणि परवानग्या ठेवणारे कंपनीचे मुख्य सर्व्हर एकमेकांची नक्कल करीत असत. एक गेला तर दुसरा आहे, अशा भरवशावर. आग लागली तेव्हा ते सगळेच एकमेकांबरोबर गेले. वाचला फक्त एक, आफ्रिकेतील घाना देशातला. कारण त्या वेळी तेथे वीज गेलेली होती. त्या एका विझलेल्या यंत्रातून सारा संसार पुन्हा मांडला गेला. भारनियमनाला आपण आयुष्यभर शिव्या दिल्या. त्याच्या बाजूने एवढी एक साक्ष इतिहासात नोंदलेली असू द्यावी.

२०१९ च्या अखेरीपासून धंद्याने आणखी एक वळण घेतले. लोक बॅकअप ठेवू लागले, पैसे देईनात; तेव्हा चोर कुलूप लावण्यापूर्वी कागदांची नक्कल बाहेर नेऊ लागले आणि पैसे न दिल्यास ती जगापुढे मांडू, अशी दुसरी धमकी देऊ लागले. रुग्णालयातील नोंदी किंवा पतसंस्थेतील कर्जदारांची नावे यांच्या बाबतीत ही धमकी पहिलीहून भयंकर आहे. दुसरी प्रत तिच्यावर उपाय नाही.

२१ मार्च २०२१, रविवार. पहाटे अडीचच्या सुमारास महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या यंत्रणेने धोक्याची घंटा वाजवली. मुंबईचे मुख्य कार्यालय आणि सोळा प्रादेशिक कार्यालये यांचे काम खोळंबले. वाशीमच्या वसाहतीतील भूखंडाचा कागदही याच महामंडळाच्या दप्तरी असतो, म्हणून हे प्रकरण आपल्याला परके नाही. रविवारची पहाट निवडण्यात चोरांनी काही नवे केले नाही. दरोडेखोर अमावास्या निवडीत, हे रविवार निवडतात. रॅन्समवेअरचे नाव सिनॅक. वर्तमानपत्रांतून पाचशे कोटींच्या मागणीचे आकडे झळकले, पण चिठ्ठीत थेट रक्कम लिहिलेली नाही, असे महामंडळाने स्पष्ट केले. रक्कम न लिहिण्यातही कसब आहे. सावज किती श्रीमंत आहे हे पाहून मग भाव सांगावा.

पुढच्या वर्षी, २३ नोव्हेंबर २०२२ रोजी, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पाच सर्व्हर बंद पडले आणि त्या मोठ्या रुग्णालयात कित्येक दिवस केसपेपर हाताने लिहावे लागले. आणि २०२४ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस ही गोष्ट खेड्यातल्या खातेदारापर्यंत आली. लहान बँकांना संगणकसेवा पुरविणाऱ्या सी-एज या कंपनीवर हल्ला झाला. ३१ जुलै रोजी राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने त्या कंपनीचा आपल्या जाळ्याशी असलेला संबंध तोडला, आणि देशातील सुमारे तीनशे सहकारी व प्रादेशिक ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे एटीएम आणि यूपीआयचे व्यवहार थांबले. तपासणी होऊन दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत् झाली. येथे तोडणे हाच उपचार होता. गोठ्यात एका जनावराला लाळ-खुरकत झाली की बाकीची दूर बांधतात. त्या एका दिवसात ज्याला दवाखान्यात पैसे भरावयाचे होते, त्याने ते कसे भरले असतील, याची नोंद कोणत्याही अहवालात सापडणार नाही. त्या नोंदी माणसांच्या आठवणीतच राहतात.

आता राहतो तो प्रश्न, जो व्याख्यानानंतर कोणीतरी विचारणारच : पैसे द्यावेत की नाही? अमेरिकेतील एका रुग्णालयाने फेब्रुवारी २०१६ मध्ये चाळीस बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे सतरा हजार डॉलर, देऊन आपली दप्तरे सोडवून घेतली. रुग्ण खाटेवर असताना त्यांनी तत्त्वचर्चा केली नाही, याबद्दल त्यांना दोष देण्यास माझी जीभ धजत नाही. परंतु नॉटपेट्याच्या वेळी पैसे देणारे फसले, हेही तितकेच खरे. आलेले संकट कोणत्या जातीचे आहे हे भेदरलेल्या माणसाला कळत नाही, आणि मुदतीचे घड्याळ त्याला ते कळू न देण्यासाठीच लावलेले असते. माझे मत विचाराल तर देऊ नयेत. आणि दुकान माझे नाही म्हणून हे सांगणे मला सोपे आहे, हेही कबूल करतो.

न देणाऱ्यांच्या पदरी कधीकधी काही पडते. क्रिप्टोलॉकरच्या चोरांचे जाळे २०१४ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून मोडले, तेव्हा किल्ल्यांचा साठा हाती लागला आणि त्या वर्षीच्या ऑगस्टपासून त्या फुकट मिळू लागल्या. २०१६ च्या जुलैत युरोपातील पोलिसांनी काही कंपन्यांच्या साह्याने नो मोअर रॅन्सम नावाचे संकेतस्थळ उघडले. अशा सापडलेल्या किल्ल्या तेथे मांडलेल्या असतात आणि आपल्या फाइलीचा नमुना दाखवून कुलूप कोणत्या जातीचे हे तपासता येते. आपल्या देशात एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटनेची खबर सहा तासांच्या आत केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेला द्यावी लागते. आणि फसवणूक झालेल्या सामान्य माणसासाठी १९३० हा दूरध्वनी आहे.

सिनॅकचेही असेच झाले. औद्योगिक विकास महामंडळावरील हल्ल्यास पाच महिने होत असताना, २०२१ च्या ऑगस्टात, त्या टोळीने नाव पालटून नवे दुकान मांडावयाचे ठरवले आणि जाता जाता जुन्या कुलपांच्या मुख्य किल्ल्या स्वतःहून जाहीर केल्या. जाणकारांनी त्या लावून पाहिल्या. त्या खऱ्या निघाल्या. ज्यांनी आपल्या बंद फाइली निरुपयोगी समजून पुसून न टाकता एखाद्या डिस्कवर तशाच ठेवून दिल्या होत्या, त्यांना त्या लावता येणार होत्या.